चौकोनी कंसात नावं का देता येत नाहीत? पायथन, एक्सअरे आणि पावसाचा डेटा

रानजाई:

नमस्कार. प्रश्न पायथनचा आहे आणि सध्या रोजच्या कामात आडवा येतोय. कोड देवनागरीत लिहितेय, मूळ नावं तुम्हाला ओळखू येतीलच.

माझं काम खोऱ्यांतल्या पावसाचा हिशेब लावायचं. सध्या मुळा-मुठा आणि कोयना. डेटा हवामान विभागाचा, पाव अंशाच्या जाळीवरचा रोजचा पाऊस, वर्षाला एक फाइल. एक्सअरे या पायथनच्या लायब्ररीने उघडली की तीन मिती मिळतात: दिवस, अक्षांश, रेखांश. अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत म्हणजे १२९ बिंदू, रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत म्हणजे १३५ बिंदू.

पुण्याच्या सगळ्यात जवळचा बिंदू १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व. शून्यापासून मोजलं तर अक्षांशाचा इंडेक्स ४८ आणि रेखांशाचा २९. म्हणजे असं:

पाऊस[दिवस, ४८, २९]

यातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले तर? ४८ आणि २९ दोन्ही आकडे दोन्ही मितींत बसतात, त्यामुळे एरर येत नाही. पाऊस मिळतो, पण १३.७५ उत्तर, ७८.५ पूर्व इथला. ती जागा आंध्रात मदनपल्लीच्या आसपास येते. आकडा दिसायला अगदी खरा असतो. एखाद्या दिवशी ४ मिलिमीटर पाऊस पुण्यातही पडतो आणि तिथेही पडतो. नुसत्या आकड्यावरून कोणाला काय कळणार?

म्हणून मी कटाक्षाने नावं वापरते:

पाऊस.सेल(अक्षांश=१८.५, रेखांश=७३.७५)

क्रम कसाही लिहा, फरक पडत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी वाचलं तरी कळतं. इथपर्यंत छान.

अडचण येते ती व्हॅल्यू बदलताना. समजा एका दिवसाची नोंद केंद्राच्या वहीशी पडताळली, ती चुकीची निघाली आणि तिथे नॅन (म्हणजे ‘आकडा नाही’ अशी खूण) टाकायचं आहे:

पाऊस.सेल(दिवस="२०२२-०७-१४", अक्षांश=१८.५, रेखांश=७३.७५) = नॅन

पायथन म्हणतो, फंक्शन कॉलला व्हॅल्यू देता येत नाही. बरं, मग चौकोनी कंस घेऊ:

पाऊस[दिवस="२०२२-०७-१४", अक्षांश=१८.५, रेखांश=७३.७५] = नॅन

हा तर सरळ सिंटॅक्स एरर. म्हणजे ज्या कंसात नाव चालतं त्याला व्हॅल्यू देता येत नाही, आणि ज्याला व्हॅल्यू देता येते त्यात नाव चालत नाही. हे असं का ठेवलंय? इतक्या वर्षांत कोणी मागितलंच नाही का? आणि तुम्ही लोक अशा वेळी काय करता?


ओसरी:

आधी तातडीचं. नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या डिक्टमध्ये (डिक्शनरीत) घालून द्या, हे चालतं:

पाऊस.लोक[डिक्ट(दिवस="२०२२-०७-१४", अक्षांश=१८.५, रेखांश=७३.७५)] = नॅन

इंडेक्सचे आकडे द्यायचे असतील तर ‘लोक’ (प्रत्यक्ष तारीख, अक्षांश-रेखांशाने जागा शोधणारी सोय) लावू नका, नुसतं पाऊस[डिक्ट(अक्षांश=४८, रेखांश=२९)] लिहा. नावं दोन्हीकडे राहतात.

एक मात्र सांभाळा. असं कधीही लिहू नका:

पाऊस.आयसेल(अक्षांश=[४८, ४९])[...] = ०

आयसेल म्हणजे इंडेक्सच्या आकड्यांनी निवडणारं सेल. त्याच्या आत लिस्ट देऊन निवड केली की एक्सअरे डेटाची प्रत काढतो. शून्य त्या प्रतीत जातं, मूळ डेटा होता तसाच राहतो आणि एरर काही येत नाही. एक्सअरेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याबद्दल स्पष्ट ताकीद आहे, तरी बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते.


खडूफळा:

ओसरींनी उपाय दिलाच आहे, मी ‘असं का’ याबद्दल लिहितो. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. कृषी आणि जलशास्त्राच्या मुलांना मी पायथन शिकवतो, आणि रानजाईताईंचा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच.

मागितलं होतं, आणि दोनदा. पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव. २०१४ साली पेप ४७२ आलं, स्टेफानो बोरिनी हे त्याच्या लेखकांपैकी एक. त्यात हे कसं करता येईल याचे अनेक मार्ग मांडले होते, पण एकही पक्का ठरला नाही. चर्चा विरत गेली आणि २०१९ मध्ये ते नामंजूर म्हणून बंद झालं. २०२० मध्ये बोरिनींनी तोच विषय नव्याने, एकच ठाम मार्ग धरून मांडला. ते पेप ६३७. पायथन ३.१० मध्ये यावं असा बेत होता. मार्च २०२१ मध्ये पायथनचे अंतिम निर्णय घेणाऱ्या स्टिअरिंग कौन्सिलने तेही नाकारलं.

आता आत काय घडतं ते बघा, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल. पाऊस[दिवस, ४८, २९] लिहिल्यावर तीन आर्ग्युमेंट जातात असं वाटतं. तसं होत नाही. पायथन तिघांचं एक टपल (क्रमाने बांधलेला गट) बांधतो आणि ऑब्जेक्टच्या गेटआयटम मेथडच्या (कंसातून वाचताना चालणाऱ्या फंक्शनच्या) हातात ते एकच पुडकं ठेवतो. साध्या कंसात हीच तीन आर्ग्युमेंट सुटी सुटी गेली असती. म्हणूनच क[३] आणि क[३,] यांत फरक पडतो: पहिल्यात मेथडला ३ मिळतो, दुसऱ्यात एका घटकाचं टपल. खाली सी भाषेतल्या अंमलबजावणीतही या कामाचं फंक्शन एकच ‘की’ (म्हणजे इंडेक्स) घेतं. नावं द्यायची तर ती ठेवायला जागाच केलेली नाही.

पेप ६३७ ने ही जागा करताना जुन्या कोडला धक्का लागू दिला नव्हता. पुडकं आहे तसंच राहणार, नावं त्याच्या मागून की-वर्ड आर्ग्युमेंट म्हणून जाणार. क[३, रंग=१] लिहिलं की मेथडला इंडेक्स म्हणून ३ आणि सोबत रंग मिळणार. नुसती नावंच दिली तर इंडेक्सच्या जागी काय पाठवायचं यावर पुष्कळ खल झाला आणि शेवटी रिकामं टपल ठरलं. सेटआयटममध्ये, म्हणजे व्हॅल्यू लिहिणाऱ्या मेथडमध्ये, आधी इंडेक्स, मग व्हॅल्यू, मग नावं. एखाद्या मितीचंच नाव ‘व्हॅल्यू’ असेल तर टक्कर होईल हे खरं, पण ३.८ पासून मेथडच्या आर्ग्युमेंटमध्ये तिरपी रेघ देऊन ‘याच्या आधीची फक्त जागेवरून येतील’ असं सांगता येतं, त्याने ती टळते. लिस्ट आणि डिक्ट यांना नाव दिलं तर टाइपएरर. आणि मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे नावापुढे कोलन चालणार होता:

पाऊस[दिवस=१५१:२७३, अक्षांश=४८, रेखांश=२९]

लीप नसलेल्या वर्षात १ जून ते ३० सप्टेंबर. साध्या कंसात कोलन चालत नाही, तिथे स्लाइस(१५१, २७३) असं लिहावं लागतं. फरक छोटा वाटेल. पण खोऱ्यांचं काम करणारा माणूस दिवसभर असेच तुकडे काढत असतो.

कौन्सिलने नाकारताना जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा: या सिंटॅक्सची गरज पटली नाही, आज जे करता येत नाही असं नवं काही त्याने साधत नाही. सर्वांत जोरकस मुद्दा टाइप हिंटच्या (कोडमध्ये कुठे कोणत्या प्रकारची व्हॅल्यू येईल हे लिहून ठेवण्याच्या) बाजूचा आहे, पण तिथेही मोठा फायदा दिसत नाही. आणि दिसला असता तरी मुख्यतः टाइप हिंटच्या सोयीसाठी भाषेचा सर्वसाधारण सिंटॅक्स वाढवायला कौन्सिल फारसं राजी नव्हतं.

इथे माझा मतभेद आहे आणि तो मी वर्गातही सांगतो. टाइप हिंटचा मुद्दा पुढे आला आणि मिती मोजणाऱ्यांचा मागे पडला. नवं काही साधत नाही हे डेटा वाचण्यापुरतं खरं आहे, तिथे फंक्शन कॉलने काम भागतं. सेल आहे, आयसेल आहे, उत्तम आहेत. डेटात लिहिण्याच्या बाजूला ते लागू नाही, कारण फंक्शन कॉल बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे उभाच राहू शकत नाही. तिथे चौकोनी कंसाला पर्याय नाही. आणि नावाची खरी गरज तिथेच आहे. वाचताना आकडे उलटे पडले तर एक तक्ता चुकतो, तो पुन्हा काढता येतो. लिहिताना उलटे पडले तर मदनपल्लीजवळच्या बिंदूवरची चांगली नोंद पुसली जाते, पुण्याची वाईट नोंद जागेवर राहते, आणि ती फाइल जतन करून पुढे ज्याला ज्याला दिली त्याच्याकडे दोन्ही दोष जातात. भाषेने निर्धोक बाजूला नावाची सोय दिली आणि धोक्याच्या बाजूला फक्त क्रम ठेवला, हे मला पटत नाही.

‘थोड्या लोकांसाठी सिंटॅक्स कशाला’ असं कोणी म्हणेल, पण तेही पायथनच्या इतिहासाशी जुळत नाही. स्लाइसमधला तिसरा आकडा, म्हणजे क[१:१०:२] मधला २, पायथन १.४ मध्ये न्यूमेरिकल पायथन या गणिती लायब्ररीवाल्यांच्या मागणीवरून आला. ते साल १९९६. पायथनची स्वतःची लिस्ट आणि स्ट्रिंग तो आकडा घ्यायला लागल्या २.३ मध्ये, २००३ साली. तोपर्यंत तो सिंटॅक्स भाषेत होता आणि लिस्टला चालत नव्हता. मॅट्रिक्स गुणाकाराचं ॲटचं चिन्ह ३.५ मध्ये, २०१५ साली आलं. पायथनच्या अंगभूत टाइपांपैकी एकालाही ते आजपर्यंत लागू नाही. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. आणि पेप ६३७ नाकारल्यानंतर ३.११ मध्ये चौकोनी कंसात ताऱ्याचं चिन्ह (*) चालू लागलं, तेही मुख्यतः टाइप हिंटसाठीच्या पेप ६४६ मुळे.


निळीशाई:

खडूफळा सर, माहिती छान दिलीत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी लायब्ररी सांभाळण्याचं काम करते, त्या बाजूने लिहिते.

जगात असे असंख्य क्लास आहेत जे दुसऱ्या ऑब्जेक्टवर आवरण म्हणून बसतात: कॅश करणारे, लॉग ठेवणारे, नेटवर्कवरून डेटा आणणारे. त्यांची गेटआयटम मेथड एक इंडेक्स घेते आणि तो जसाच्या तसा आत ढकलते. कंसात नावं आली की हे सगळे अपुरे पडतात. आत एक्सअरे आहे, त्याला नावं चालतात, पण मधलं आवरण टाइपएरर देतं. प्रत्येक लेखकाला आपला क्लास उघडून दुरुस्त करावा लागेल. जुना कोड मोडत नाही हे पेपचं म्हणणं बरोबर आहे. पण तो जुना कोड नव्या कोडसोबत चालत नाही, आणि त्याच्या तक्रारी लायब्ररीवाल्यांकडे येतात.

दुसरं, नावांची सरमिसळ. सेलला मितींची नावंही देता येतात आणि ‘मेथड="नियरेस्ट"’ सारखे पर्यायही. ‘मेथड’ नावाची मिती असेल तर काय? त्यासाठी एक्सअरेने सेलच्या पहिल्या आर्ग्युमेंटला डिक्ट द्यायची सोय ठेवली आहे. म्हणजे फिरून डिक्टच. मग चौकोनी कंसात पहिल्यापासूनच डिक्ट दिला तर बिघडलं काय? कंसाची एक जोडी जास्त, पण वाचणाऱ्याला मिती कुठली आणि पर्याय कुठला हे स्वच्छ दिसतं.

शिकवणाऱ्यांनी हाही विचार करावा: नवशिक्याला लिस्टला नाव का चालत नाही, डिक्टला का नाही, आणि या तिसऱ्या वस्तूला का चालतं हे सांगत बसावं लागेल.


वळचण:

दुसऱ्या भाषांत काय झालं ते या चर्चेत हवं, म्हणून लिहितो. मी आयफोनचे ॲप करतो आणि घरच्या कामाला रुबी वापरतो.

स्विफ्टमध्ये चौकोनी कंसात लेबल चालतात. सर्वांत ओळखीचं उदाहरण स्विफ्ट ४ मध्ये, २०१७ साली आलं:

गणना[अक्षर, डिफॉल्ट: ०] += १

अक्षर डिक्शनरीत नसेल तर शून्य धरा आणि एक वाढवा. वाचणं आणि लिहिणं दोन्ही एका ओळीत, दोन्हीकडे नाव लागू. हे रोज वापरतो, एकदाही गोंधळ झालेला नाही. त्याचं कारण माझ्या मते असं की स्विफ्टमध्ये सबस्क्रिप्ट (चौकोनी कंसाचं काम करणारा भाग) जाहीर करतानाच आर्ग्युमेंट सुटी सुटी लिहिलेली असतात. पुडक्याची भानगड नाहीच.

रुबीत उलटा प्रवास झाला. वाचताना क[०, रंग: १] आजही चालतं. पण रुबी ३.४ मध्ये, डिसेंबर २०२४ ला, इंडेक्सला व्हॅल्यू देताना की-वर्ड द्यायला बंदी आली. आता तिथे सिंटॅक्स एरर येतो. व्हॅल्यू देताना नावं मेथडपर्यंत नीट की-वर्ड म्हणून पोचत नव्हती, आणि वापरणारे इतके कमी होते की दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं त्यांनी पसंत केलं. खडूफळा सर ज्या बाजूला नावाची सर्वांत जास्त गरज आहे म्हणतात, नेमकी तीच बाजू रुबीने बंद केली. मला स्विफ्टचा मार्ग बरा वाटतो, पण पायथनची घडण रुबीला जवळची आहे हे नाकारता येत नाही.


खडूफळा:

वळचण, रुबीचा दाखला मोलाचा आहे, धन्यवाद. पेप ६३७ मध्ये नावं गेटआयटम आणि सेटआयटम दोन्हींकडे सारखीच जातील हे आधीच ठरवलेलं होतं, त्यामुळे क[रंग=१] += १ चा अर्थ पहिल्या दिवसापासून पक्का असता. रुबीत तेच राहून गेलं होतं.

निळीशाई, आवरणांचा मुद्दा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नवशिक्यांचा मुद्दा मात्र मला अनुभवाने पटत नाही. मुलांना ‘इथे नाव चालत नाही’ हा टाइपएरर लगेच समजतो. त्यांना समजत नाही तो सिंटॅक्स एरर, कारण त्यात फक्त ओळ चुकली एवढंच कळतं. आणि डिक्ट सुचायचं तर आधी ते माहीत असावं लागतं. ज्याला माहीत नाही तो मुकाट्याने ४८, २९ लिहून मोकळा होतो. वर्गात मी हेच होताना बघतो, आणि त्याच मुलांचे तक्ते पुढे पाणीवाटपाच्या टिपणांत जातात.


रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. लोक आणि डिक्ट वापरून मी सगळा बदलाचा कोड पुन्हा लिहायला घेतलाय. नुसत्या आकड्यांनी व्हॅल्यू देणारी एकही ओळ ठेवणार नाही असं ठरवलंय.

दोन शंका उरल्या. जून ते सप्टेंबरचा तुकडा डिक्टमध्ये कसा द्यायचा? आत कोलन चालत नाही. आणि लोकला १८.५ असं दशांशातलं दिलं तर ते नेमकं जुळेल याची खात्री धरू का? सेलमध्ये मी नियरेस्ट लावते, लोकमध्ये ते देता येत नाही.


ओसरी:

तुकड्यासाठी स्लाइस("२०२२-०६-०१", "२०२२-०९-३०") लिहा. कोलनच हवा असेल तर नमपाय (कोडमध्ये एनपी) या आकडेमोडीच्या लायब्ररीत एस_ नावाची सोय आहे, चौकोनी कंसात जे द्याल ते ती तसंच परत देते:

पाऊस.लोक[डिक्ट(दिवस=एनपी.एस_["२०२२-०६-०१":"२०२२-०९-३०"], अक्षांश=१८.५)]

लक्षात घ्या, लोकमध्ये शेवटची तारीखही धरली जाते, त्यामुळे ३० सप्टेंबर आत येतो. आकड्यांच्या इंडेक्समध्ये शेवटचा धरला जात नाही, म्हणून वर सरांनी २७३ लिहिलंय.

१८.५ जुळेल. पाव अंशाच्या पटीतले आकडे कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत बसतात. ०.१ अंशाची जाळी वापरलीत तर ही खात्री धरू नका. तिथे आधी सेलने नियरेस्ट लावून बिंदू काढा, त्याचे अक्षांश-रेखांश वाचून घ्या आणि तेच डिक्टमध्ये द्या.

आणखी एक, पुढेमागे ईआरए-५ या जागतिक हवामान डेटासंचाचा डेटा घेतलात तर. त्यात अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे, ९० पासून उणे ९० पर्यंत उतरत जातात. हवामान विभागाच्या फाइलमध्ये चढत जातात. स्लाइस(१५, २०) तुमच्या आजच्या फाइलवर बरोबर चालेल, ईआरए-५ वर रिकामा तुकडा देईल. तिथे स्लाइस(२०, १५) लिहावं लागतं. दोन्ही डेटा एकत्र वापरणार असाल तर उघडल्या उघडल्या अक्षांशावर सॉर्टबाय करून घ्या.